येऊर, ऐरोली, खारघर: सरकारी जमिनीवर भटकायला जाण्याआधी परवानगी कशी काढायची

ठाण्यात किंवा नवी मुंबईत घर घेतलं की खिडकीतून एखादा तरी डोंगर दिसतोच. घोडबंदर रोडवर येऊरची रांग, बेलापूरला पारसिक, खारघरला पांडवकड्याचा उभा कातळ. ऐरोलीला डोंगर लांब पडला तरी खाडी दारात असते. नवीन राहायला आलेल्यांचे पाय पहिल्या सुट्टीला तिकडे वळतात आणि वाटेत कुठेतरी वनरक्षक विचारतो, "परवानगी आहे का?" त्यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, "सरकारी जमीन आहे ना, मग कसली परवानगी?"

गोंधळ इथेच होतो. सरकारी जमीन म्हटली तरी तिचा कारभार कुठल्या तरी एका खात्याकडे असतो. त्या खात्याचा कायदा वेगळा, साहेब वेगळा, गेट वेगळं. एकाच डोंगराच्या दोन उतारांवर दोन वेगळ्या कचेऱ्या असू शकतात. म्हणून फॉर्म कुठे मिळतो हे शोधण्याआधी जमीन कुणाच्या ताब्यात आहे ते शोधा. तेवढं कळलं की अर्ध्याहून जास्त काम झालं.

पहिली पायरी: जमीन कुणाची ते ठरवा

जागेवर गेलात तर आधी फलक पाहा. राखीव वन, अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान, कांदळवन, सिडको, एमआयडीसी, पाटबंधारे असं बहुतेक वेळा लिहिलेलं असतं. जंगलाच्या हद्दीवर वनखात्याचे क्रमांक टाकलेले सीमास्तंभही असतात. फलक नसेल तर गावाचं नाव आणि गट क्रमांक घेऊन सरकारच्या महाभूलेख संकेतस्थळावर सातबारा काढा. कब्जेदाराच्या रकान्यात वन विभागाचं नाव किंवा इतर हक्कांत 'राखीव वन' असा शेरा दिसला की प्रश्न मिटला. काही ठिकाणी 'खाजगी वन' असा शेरा सापडेल. १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्यापासून अशा जमिनींचा मामला किचकट झाला आहे. तिथे शेतकऱ्याने "या की, आपलीच जागा" म्हटलं तरी वनखात्याला विचारल्याशिवाय तंबू ठोकू नका.

जमीन वनखात्याची निघाली तरी पुढचा प्रश्न उरतो, कारण आपल्या भागात या खात्याच्या तीन शाखा काम करतात. अभयारण्यं आणि राष्ट्रीय उद्यान वन्यजीव शाखेकडे आहेत. बाकीचे साधे राखीव डोंगर प्रादेशिक शाखेकडे. खाडीकाठची खारफुटी कांदळवन कक्षाकडे, जो २०१२ साली स्थापन झाला. येऊर राष्ट्रीय उद्यानात मोडतं; त्याचा अर्ज प्रादेशिक कार्यालयात दिलात तर तो फिरत फिरत योग्य टेबलावर पोचेपर्यंत तुमचा रविवार निघून जाईल.

जिल्ह्याची हद्दही आधीच डोक्यात पक्की करा. नवी मुंबई म्हणजे एकच शहर असं आपण धरून चालतो, पण ऐरोली ते बेलापूर हा पट्टा ठाणे जिल्ह्यात येतो, तर खारघर, पनवेल, कर्नाळा हे रायगड जिल्ह्यात. पोलीस आयुक्तालय दोन्हीकडे नवी मुंबईचंच, जिल्हाधिकारी मात्र वेगळे. पावसाळी बंदीचे आदेश शोधताना हा फरक फार कामाला येतो.

धरणांचं गणित निराळं. मोरबे धरण नवी मुंबई महापालिकेचं, बारवी एमआयडीसीचं, भातसा जलसंपदा विभागाचं, तानसा मुंबई महापालिकेचं. भोवतालच्या जंगलात फिरायची परवानगी मिळाली म्हणून धरणाच्या भिंतीवर चढता येत नाही. हे पिण्याचं पाणी आहे, तिथला सुरक्षारक्षक ऐकणार नाही आणि त्याने ऐकूही नये.

दुसरी पायरी: जाऊन करणार काय, ते नेमकं सांगा

परवानगी तीन गोष्टींची असते: जागा, वेळ आणि काम. "आम्हाला येऊरला जायचंय" हे पुरेसं नाही. कुठल्या पायवाटेने, किती ते किती, आणि कशासाठी, हे सगळं सांगावं लागतं. सकाळच्या फेरीचं तिकीट काढून संध्याकाळी तिथेच चूल पेटवली तर ते तिकीट तुम्हाला वाचवत नाही.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय पाय ठेवणं हाच गुन्हा आहे. तिथे झाड तोडलं नाही, प्राणी मारला नाही, हा बचाव चालत नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर या कायद्याच्या सर्वसाधारण उल्लंघनाला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. परवानगी कशासाठी देता येते तेही कायद्यात लिहिलं आहे: वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, शास्त्रीय संशोधन, पर्यटन, आणि आत राहणाऱ्या माणसाशी असलेलं कायदेशीर काम. वाढदिवस, डीजे आणि बार्बेक्यू या यादीत कुठेच बसत नाहीत, त्यामुळे त्यासाठी अर्ज करण्यात वेळ घालवू नका.

साध्या राखीव वनाला १९२७ चा भारतीय वन अधिनियम लागतो. तिथे वातावरण थोडं मोकळं असतं, गावकऱ्यांच्या जुन्या वाटा असतात. तरी आग पेटवणं, तोडणं, खणणं, विनापरवाना घुसणं हे राखीव वनातही गुन्ह्यातच मोडतं.

कुठल्या कामाला कुणाची सही लागते, हे साधारण असं बघा. गेटवर तिकीट मिळत असेल तर ते तिकीट हीच परवानगी. मोठा गट, शाळेची सहल, ठरलेल्या वाटेबाहेरची पायवाट यासाठी परिक्षेत्र वन अधिकाऱ्याला, म्हणजे सगळे ज्याला आरएफओ म्हणतात त्याला, लेखी अर्ज करायचा. त्याच्या अधिकारापलीकडचं असेल तर तो अर्ज वर उपवनसंरक्षकाकडे किंवा उद्यानाच्या संचालकाकडे पाठवतो. संशोधनासाठी, विशेषतः नमुने गोळा करायचे किंवा कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) लावायचे असतील तर, प्रकरण नागपूरला मुख्य वन्यजीव रक्षकांपर्यंत जातं आणि त्याला महिने लागतात. जाहिरात, मालिका, प्री-वेडिंग असं चित्रीकरण असेल तर त्याची वाट वेगळी, शुल्क वेगळं. हातातला मोबाइल आणि लग्नाच्या फोटोवाल्याचे दिवे यांतला फरक गेटवरच्या माणसाला लांबूनही कळतो.

येऊर

ठाणेकरांचा सर्वांत जास्त गोंधळ येऊरबद्दल आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं आहे आणि त्याचा मोठा हिस्सा ठाण्याच्या बाजूला आहे. उपवन तलावाकडून वर चढलं की वनखात्याचं गेट लागतं. त्याच्या पलीकडे पाटोणापाडा, जांभूळपाडा असे आदिवासी पाडे आहेत, बंगले आहेत, हॉटेलं आहेत, हवाई दलाचं ठाणं आहे. डांबरी रस्ता आहे, गाड्या जातात, त्यामुळे नवख्याला वाटतं की इथे सगळंच खुलं. कायदा सार्वजनिक रस्त्यावरून जाणाऱ्याला सूट देतो, तिथल्या रहिवाशालाही देतो. पण रस्त्याच्या कडेची वाट धरून झाडीत शिरलात की ती सूट संपते. डांबर सुटलं की परवानगी लागते, एवढं लक्षात ठेवलं तरी येऊरमधल्या निम्म्या कटकटी टळतील.

रात्री बाहेरच्या लोकांना गेटवर अडवतात आणि मला ते अगदी योग्य वाटतं. हा बिबट्याचा वावर असलेला भाग आहे. पाड्यांवरच्या माणसांना पहाटे कामावर जायचं असतं, पोरांना शाळा असते. वरच्या आवाजाचा आणि दिव्यांचा त्रास त्यांनी वर्षानुवर्षं सोसला आहे, तक्रारी केल्या आहेत. एकतीस डिसेंबरच्या आसपास तपासणी आणखी कडक होते. त्या रात्री वर जायचा बेत कुणी आखला तर सरळ नाही म्हणा. हवाई दलाच्या कुंपणाजवळ फोटो काढणंही टाळा.

पायी फिरायचं असेल तर गेटवर चौकशी करून ठरलेली वाट घ्या, आणि स्थानिक मार्गदर्शक मिळत असेल तर अवश्य घ्या. पाड्यावरच्या माणसाला कुठल्या ओढ्याला कधी पाणी चढतं, कुठल्या उंबरावर सध्या धनेश येतो, कुठे परवा बिबट्याची विष्ठा होती, हे माहीत असतं. त्याला द्यायचे पैसे हा या सहलीतला सर्वांत सत्कारणी लागणारा खर्च आहे.

लहान मुलं, आजी-आजोबा बरोबर असतील तर घोडबंदर रोडवरचं मानपाड्याचं निसर्ग परिचय केंद्र जास्त सोयीचं. तेही याच उद्यानाचा भाग आहे. गेटवर तिकीट, आखलेली वाट, अर्जाची भानगड नाही. पहिल्यांदा जाणाऱ्याने सुरुवात तिथूनच करावी असं माझं मत आहे. बोरिवलीच्या मुख्य गेटने जाणार असाल तर सोमवारी उद्यान बंद असतं आणि आतली कान्हेरी लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात असल्यामुळे तिथलं तिकीट वेगळं काढावं लागतं.

ऐरोली आणि ठाणे खाडी

ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झालं. साधारण १,६९० हेक्टर, त्यात निम्म्याहून जास्त कांदळवन आणि बाकी पाणी. २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा हा दर्जा, मिळाला. फ्लेमिंगो साधारण नोव्हेंबर ते मे या काळात दिसतात. बघायची नीट वाट म्हणजे ऐरोलीचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र, जे कांदळवन कक्षाकडे आहे. तिथून बोट सुटते. बोटीचं तिकीट हीच तुमची अभयारण्यात शिरायची परवानगी. खारफुटीतून चिखल तुडवत स्वतःच्या वाटेने जाणं या परवानगीत बसत नाही, आणि एका पावलात गुडघाभर रुतायला होतं हे वेगळंच.

इथे एक गोष्ट नवख्यांना माहीत नसते. बोटीची वेळ घड्याळावर चालत नाही, भरती-ओहोटीवर चालते. बोटीला खाली पाणी लागतं आणि पक्ष्यांना खायला उघडा चिखल लागतो, म्हणून फेऱ्या या दोन्हींच्या मधल्या वेळेत बसवाव्या लागतात. भरती रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते, त्यामुळे गेल्या रविवारी सकाळी आठला असलेली फेरी या रविवारी त्याच वेळी नसते. कोळीवाड्यातला जुना हिशोब आजही कामाला येतो: तिथीचा पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. पंचमी असेल तर पाचाचे पाऊणपट पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा. खाडीत आत येईतोवर थोडा उशीर होतो, तेवढा धरायचा. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. कॅलेंडर भिंतीवर असतंच, त्यात तिथी बघा, अंदाज बांधा आणि मग केंद्राला फोन करून त्या दिवशीची नेमकी फेरी विचारा.

हंगामातले शनिवार-रविवार लवकर भरतात. मधला वार जमत असेल तर तोच घ्या, बोटीत गर्दी कमी आणि पक्षीही जवळून दिसतात. लाइफ जॅकेट घालायला कंटाळा करू नका. नावाड्याला "अजून जवळ घ्या" म्हणून आग्रह तर मुळीच धरू नका. थवा उडाला की फोटो छान येतो खरा, पण शेकडो मैल उडून आलेल्या पक्ष्याचं खाणं त्या फोटोपायी मोडतं.

खारघर आणि पावसाळ्यातली बंदी

पांडवकडा म्हटलं की माझा सूर जरा कडक होतो. या धबधब्याखाली आणि आजूबाजूच्या ओढ्यांत कित्येक तरुण मुलं गेली आहेत. वर डोंगरात पाऊस कोसळतो, खाली ऊन असतं, आणि लोंढा काही मिनिटांत येतो. पोहता येणाराही त्यात टिकत नाही. म्हणूनच पावसाळ्यात तिथे दरवर्षी प्रवेशबंदी लागते आणि पोलीस उभे असतात.

अशा बंदीचा आदेश पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघायचा. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतो. आदेश मोडला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा नोंदवता येतो. असा आदेश एका वेळी जास्तीत जास्त दोन महिन्यांसाठी असतो आणि मग नव्याने काढला जातो. म्हणून व्हॉट्सॲपवर आलेला फोटो बघताना तारीख आणि सही करणारा अधिकारी दोन्ही तपासा. ठाणे जिल्ह्यातल्या धबधब्यांचा आदेश खारघरला लागू होत नाही आणि रायगडचा आदेश येऊरच्या ओढ्याला. जिल्ह्याच्या अधिकृत संकेतस्थळावर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात विचारलं की दोन मिनिटांत कळतं.

बंदीच्या काळात कुठल्याही अर्जाने, कुठल्याही ओळखीने परवानगी मिळत नाही. मागच्या बाजूने फणसवाडी-चाफेवाडीकडून उतरायची वाट कुणी सुचवली तर त्याला ठामपणे नकार द्या. त्या वाड्यांमधली माणसं दर पावसाळ्यात परक्यांना शोधायला दोर घेऊन उतरतात, त्यांच्यावर ती वेळ आणू नका.

कर्नाळा, तानसा, माहुली

कर्नाळा पक्षी अभयारण्य सोपं आहे. पनवेलच्या पुढे मुंबई-गोवा महामार्गालगत, १९६८ पासूनचं, जेमतेम १२ चौरस किलोमीटर. गेटवर तिकीट काढायचं, पिशवीतल्या प्लास्टिकच्या वस्तू दाखवायच्या, अनामत भरायची, परतताना त्याच बाटल्या दाखवून पैसे परत घ्यायचे. किल्ल्याच्या सुळक्याखालपर्यंत वाट जाते. संध्याकाळी गेट बंद व्हायच्या आत खाली यायचं म्हणून चढाई सकाळीच सुरू करा.

शहापूर तालुक्यातलं तानसा अभयारण्य यापेक्षा खूप मोठं आहे. माहुलीचा किल्ला त्याच जंगलात येतो, म्हणून पायथ्याशी वनखात्याकडे नोंद आणि शुल्क. रात्री जंगलात काढायची इच्छा असेल तर त्याची एक रीतसर वाट आहे: बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवर मचाणावरून प्राणी मोजतात, त्यात वनखातं स्वयंसेवक घेतं. नोंदणीची सूचना आधी निघते, जागा थोड्या असतात. रात्रभर न बोलता बसायची तयारी असेल तरच नाव द्या.

तिसरी पायरी: अर्ज लिहा

गट मोठा असेल किंवा ठरलेल्या वाटेबाहेर जायचं असेल तर किमान पंधरा दिवस आधी अर्ज द्या. मराठीत, एका पानात. सोसायटीच्या पक्षिनिरीक्षणासाठी असा चालतो:

प्रति,
परिक्षेत्र वन अधिकारी,
येऊर परिक्षेत्र, संजय गांधी राष्ट्रीय उद्यान.

विषय: पक्षिनिरीक्षणासाठी प्रवेश परवानगी मिळणेबाबत.

महोदय/महोदया,
आम्ही खाली सही करणारे (गृहसंकुलाचे नाव), ठाणे येथील रहिवासी असून, दिनांक … रोजी सकाळी ६.३० ते १०.३० या वेळेत … ते … या पायवाटेने पक्षिनिरीक्षणासाठी येऊ इच्छितो. गटात १८ प्रौढ व ४ मुले आहेत. सर्वांची यादी, वय, संपर्क क्रमांक व ओळखपत्रांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. वाहने गेटबाहेर उभी केली जातील. ध्वनिवर्धक, ड्रोन, मद्य, ज्वालाग्राही पदार्थ व पाळीव प्राणी सोबत नसतील. सर्व कचरा परत नेला जाईल. नियमानुसार शुल्क भरण्यास आम्ही तयार आहोत. स्थानिक मार्गदर्शक मिळावा ही विनंती.

आपला/आपली विश्वासू,
(गटप्रमुखाचे नाव, पत्ता, सही)

यातली वेळ आणि वाट ही दोन वाक्यं सर्वांत महत्त्वाची. त्यावरून अधिकाऱ्याला कळतं की त्या दिवशी त्या नियत क्षेत्रात (एका वनरक्षकाकडे असलेल्या भागात) कुठल्या वनरक्षकाला सांगून ठेवायचं. "दिवसभर, संपूर्ण येऊर" असं लिहिलेला अर्ज बाजूला पडतो. मुलं असतील तर त्यांची संख्या वेगळी लिहा. शाळा-कॉलेजचं पत्र असेल तर ते जोडा आणि सवलत आहे का ते विचारा.

अर्ज दिल्यावर दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका: आवक क्रमांक, तारीख, शिक्का. पुढच्या वेळी कचेरीत गेलात की नाव सांगण्याआधी तो क्रमांक सांगा, फाईल लगेच सापडते. ईमेलवर पाठवला असेल तरी एक फेरी प्रत्यक्ष मारावीच. सोमवारी सकाळी जाऊ नका, तेव्हा मागच्या दोन दिवसांचा हिशोब चाललेला असतो. मधल्या वारी दुपारी जेवणानंतर साहेब भेटायची शक्यता जास्त, पण वणव्याच्या दिवसांत, म्हणजे फेब्रुवारी ते मे, ते जंगलातच असतील हे गृहीत धरा.

परवानगीचं पत्र आलं की त्यावरच्या अटी मोठ्याने सगळ्या गटाला वाचून दाखवा. फोनवर मिळालेला "हो, या" हा होकार चांगल्या मनाने दिलेला असला तरी त्या दिवशी ड्यूटीवर दुसरा माणूस असतो. कागद हवा.

ट्रेक कंपनीबरोबर जात असाल तर

सुट्टीला पैसे भरून गटाबरोबर जाणारे पुष्कळ आहेत. महाराष्ट्र सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यानुसार असे उपक्रम चालवणाऱ्या संस्थेने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. पैसे भरण्याआधी नोंदणीचं प्रमाणपत्र मागा, आणि त्या जागेची, त्या तारखेची वनखात्याची परवानगी दाखवा म्हणा. नोंदणी आहे म्हणून जंगलात शिरायची परवानगी आपोआप मिळत नाही, दोन्ही कागद वेगळे. तुम्हीच ग्राहक आहात, विचारण्यात संकोच कसला? जो आयोजक "आम्ही बघतो सगळं, तुम्ही फक्त या" म्हणून विषय बदलतो, त्याच्या गटात आपल्या मुलांना पाठवू नका. अडकल्यावर गुन्हा प्रत्येकाच्या नावावर नोंदला जातो.

ड्रोन

थोडक्यात: आणू नका. राष्ट्रीय उद्यानात आणि अभयारण्यात वेगळ्या परवानगीशिवाय तो चालत नाही. बाहेरही ड्रोन नियम २०२१ प्रमाणे डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा बघावा लागतो, आणि आता नवी मुंबईचा विमानतळ, येऊरचं हवाई दलाचं ठाणं, शिवाय पोलिसांचे वेळोवेळी निघणारे मनाई आदेश हे सगळं धरलं तर आपल्या भागात मोकळं आकाश फार थोडं उरतं. २५० ग्रॅमखालच्या छोट्या ड्रोनला काही सवलती आहेत, पण मनाई असलेल्या हद्दीत तोही उडवता येत नाही.

जायच्या दिवशी

मूळ ओळखपत्र, परवानगीच्या दोन छापील प्रती, मोबाइलमध्ये एक फोटो. एक प्रत गेटवर द्यायची, एक गटप्रमुखाकडे. आत रेंज जाते, म्हणून छापील प्रत लागतेच. कॅमेऱ्याचं शुल्क बऱ्याच ठिकाणी वेगळं असतं, पावती कॅमेऱ्याच्या पिशवीतच ठेवा. कुत्र्याला घरी ठेवा: त्याचे रोग जंगलातल्या प्राण्यांना लागतात आणि तो स्वतः बिबट्याला आमिष ठरतो. माकडांना वेफर्स देऊ नका. सिगारेटचं थोटूक मार्चमधल्या वाळल्या गवतात पडलं तर अख्खा उतार जळतो.

वनरक्षकाने थांबवलं तर शांतपणे कागद दाखवा. तो एकटा माणूस बऱ्याचदा केवळ काठी घेऊन मोठा परिसर सांभाळत असतो आणि दिवसभरात त्याला उर्मट उत्तरं पुष्कळ मिळालेली असतात. खरोखरच चूक झाली असेल आणि दंड सांगितला, तर तो भरा आणि पावती घ्या. पावतीवर कलम, रक्कम आणि अधिकाऱ्याची सही असते. पावतीशिवाय पैसे मागितले तर देऊ नका, परिक्षेत्र कार्यालयात येऊन भरतो असं सांगा.

जखमी प्राणी दिसला, वणवा दिसला, कुणी फासे लावलेले दिसले, तर हात लावू नका. वनखात्याचा १९२६ हा टोल फ्री क्रमांक आहे, तिथे जागा नीट सांगा: गाव, जवळचा पाडा, ओढा, मोबाइलवरचं स्थान. माणूस जखमी असेल तर ११२.

बाहेर पडताना गेटवरच्या वहीत परतल्याची वेळ लिहून सही करा. ती नोंद करायची राहून गेली तर अंधार पडल्यावर तुम्हाला शोधायला माणसं आत जातात. आणि पक्ष्यांची यादी केली असेल तर तिची एक प्रत दोन दिवसांत परिक्षेत्र कार्यालयात पाठवून द्या, सोबत परवानगी पत्राचा क्रमांक लिहा. पुढचा अर्ज द्याल तेव्हा तो संदर्भ म्हणून जोडता येतो.